निर्माता म्हणजे नेमके कोण?

मराठी गाण्याविषयी बोलताना तीन नावे घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे: कवी, संगीतकार आणि गायक. आकाशवाणीच्या निवेदकांनी ही त्रयी रूढ केली, तबकड्यांच्या वेष्टनांनी ती छापली आणि आम्हा मराठीच्या अध्यापकांनी भावगीताचा इतिहास शिकवताना ती जशीच्या तशी स्वीकारली. चौथे नाव विचारण्याची गरज आम्हांला कधी भासली नाही. वस्तुतः कोणतेही जुने गाणे आपण ओळखतो ते बहुधा शब्द सुरू होण्याच्या आधीच. व्हायोलिनचा एखादा तुकडा, एकॉर्डियनची एखादी लकेर वाजली की श्रोता मान डोलावतो आणि गाण्याचे नाव सांगून मोकळा होतो. तो तुकडा कवीने लिहिलेला नसतो, गायकाने गायलेला नसतो आणि पुष्कळदा संगीतकारानेही बांधलेला नसतो. दोन कडव्यांमधली जागा कोणी भरली, कोणत्या वाद्याने कोठे थांबायचे हे कोणी ठरवले, वादकांच्या हाती स्वरलिपीचे कागद कोणी दिले, या प्रश्नांची उत्तरे आपल्या समीक्षेत सापडत नाहीत.

ते काम संयोजकाचे. धंद्यातल्या भाषेत त्याला अरेंजर म्हणत. त्याच कामाचा आजचा वारस म्हणजे म्युझिक प्रोड्यूसर. पूर्वी चाळीस वादकांचा ताफा जे करी, ते तो एका संगणकावर, एका खोलीत, बहुधा रात्री जागून करतो. चालीखाली ताल बसवतो, वाद्ये निवडतो, गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित करतो, त्यातले दोष काढतो, सगळे थर एकत्र करून बाजारात जाण्याजोगे गाणे तयार करतो. या माणसाच्या पोटापाण्याविषयी आणि महाजालावर चाललेल्या स्वामित्वहक्काच्या गदारोळाविषयी आम्हांला येथे काही म्हणायचे आहे.

प्रचलित युक्तिवाद असा: महाजालामुळे गाणे फुकट झाले, फुकट झाल्यामुळे कलावंत उपाशी राहू लागला, म्हणून स्वामित्वहक्क अधिक कडक करा, चोरांना शासन करा, म्हणजे कलावंताच्या घरी चूल पेटेल. कंपन्यांच्या प्रतिनिधींनी हे वर्षानुवर्षे सांगितले आणि सुशिक्षित रसिकांनी त्यावर मान डोलावली. आमचे म्हणणे असे आहे की या युक्तिवादाचा शेवटचा टप्पा सपशेल खोटा आहे. हक्क कडक झाल्याने ज्याच्याकडे हक्क आहे त्याचे भले होते. ज्याच्याकडून तो आधीच काढून घेतला गेला आहे, त्याच्यावर तोच हक्क उलटतो.

१

हे पुस्तकी विधान नाही. आमचा एक माजी विद्यार्थी खानदेशातला. मराठी घेऊन बी. ए. झाला, नोकरी मिळाली नाही आणि कर्जाने घेतलेल्या संगणकावर अहिराणी व मराठी गाण्यांचे 'ट्रॅक' करू लागला. लग्नसराईत आणि गणपतीच्या दिवसांत त्याला उसंत नसते. एका गाण्याचे ठरावीक पैसे, तेही कधी निम्मे आगाऊ, कधी सगळेच उधार. व्यवहार फोनवर. कागद कसलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने केलेले एक गाणे चांगलेच चालले. गायकाचे नाव झाले, ज्या कंपनीने ते प्रसिद्ध केले तिचेही झाले. मग त्याने हौसेने त्याच गाण्याचा केवळ वाद्यांचा भाग स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला. दुसऱ्या दिवशी त्याला सूचना आली की या ध्वनीवर अन्य कोणाचा स्वामित्वहक्क असून यापुढे त्याचे उत्पन्न त्या हक्कदाराला जाईल. सुरुवातीची धून त्याची, ढोलाचा ठेका त्याचा, मधले बासरीचे तुकडेही त्यानेच कळफलकावर वाजवलेले. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न साधा होता. "सर, हे मीच केलंय, हे सिद्ध कसं करायचं?"

आम्ही दोघे व्यवसायाने भाषेचे शिक्षक, कायद्याचे जाणकार नव्हे. परंतु आपल्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ग्रंथालय गाठावे, एवढी सवय आम्हांला आहे. म्हणून आम्ही १९५७चा कॉपीराइट कायदा त्याच्या सर्व दुरुस्त्यांसह वाचला. वाचल्यावर जे हाती लागले ते कायद्यापेक्षा भाषेच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करणारे आहे.

२

या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे 'प्रोड्यूसर', असे म्हटले आहे. शब्द तोच आहे जो आमचा विद्यार्थी आपल्या नावापुढे लावतो. पण त्याची व्याख्या पाहावी: कृती निर्माण करण्यासाठी जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी स्वीकारतो, तो निर्माता. स्वर कोणी जुळवले हा प्रश्न व्याख्येत नाही. व्यवहारात पुढाकार आणि जबाबदारी यांचा अर्थ पैसे कोणी घातले असा घेतला जातो. म्हणजे एकच शब्द दोन माणसांना लावला जातो. एक रात्रभर जागून गाणे घडवतो, दुसरा सकाळी त्याचे पैसे चुकते करतो, आणि कायद्याने कर्तेपण दुसऱ्याच्या पदरात पडते.

याहून मौजेची गोष्ट 'संयोजन' या शब्दाची. तो कायद्यात आहे. संगीतकृतीचे रूपांतर म्हणजे काय हे सांगताना तिचे संयोजन किंवा लिप्यंतर असा स्पष्ट उल्लेख आढळतो. मात्र तो येतो तो मूळ कृतीच्या मालकाचा अधिकार म्हणून. माझ्या चालीचे संयोजन करण्याची परवानगी कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क मालकाला आहे. संयोजन करणाऱ्या माणसाची मात्र व्याख्या नाही. क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता लुप्त आहे. आम्ही वर्गात प्रयोग शिकवतो तेव्हा अशा वाक्यांना भावे प्रयोगाच्या आसपास कोठेतरी जागा देतो. येथे त्या व्याकरणावर एका माणसाचे घरभाडे अवलंबून आहे.

जुनी व्याख्या तर आणखी उपरोधिक होती. १९९४च्या दुरुस्तीपर्यंत संगीतकृती म्हणजे स्वरावली वा स्वरमेळाची अशी रचना, जी छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखाटलेली आहे. आता मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत प्रत्यक्ष लिहीत कोण होते? चाल सुचणारे संगीतकार पुष्कळदा पेटीवर ती गाऊन दाखवत आणि ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून, तिच्याभोवती व्हायोलिनांचा आणि सॅक्सोफोनचा मेळ रचून कागदावर मांडण्याचे काम गोव्यातून आलेले संयोजक करीत. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे संयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याने केलेले वंदन होते, आणि देशातल्या बहुसंख्य श्रोत्यांना आजही ते एका विनोदी पात्राचेच नाव वाटते. कायदा कागदावरच्या स्वरांना कृती म्हणत होता, कागदावर स्वर लिहिणारा हात संयोजकाचा होता, आणि तरी त्याच्या वाट्याला त्या दिवसाच्या बिदागीपलीकडे काही आले नाही.

या वादक-संयोजकांचा सविस्तर इतिहास 'बिहाइंड द कर्टन' या नावाने २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक ग्रेगरी बूथ न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठात शिकवत. मराठीत आठवणींची, गौरवग्रंथांची, गाण्यांच्या जन्मकथांची पुस्तके मुबलक आहेत. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांना आपण 'अष्टविनायक'चे (१९७९) संगीतकार म्हणून ओळखतो. संयोजक म्हणून त्यांनी इतरांच्या गाण्यांसाठी जे केले, त्याचे विवेचन कोठे आहे? पुण्याचे इनॉक डॅनियल्स, गीतरामायणाच्या कार्यक्रमांतून बाबूजींना व्हायोलिनची साथ करणारे प्रभाकर जोग, यांच्याविषयी प्रेमाने बोलले जाते, पण 'साथीला होते' या दोन शब्दांत. साथ हा शब्दच पाहा. जो साथीला असतो त्याचे काही स्वतःचे असते, असे आपल्या भाषेला वाटत नाही.

३

येथे कोणी म्हणेल की कलावंतांनी लढून हक्क मिळवलेच की. मिळवले, आणि ती लढाई खरोखर मोठी होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात असा निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच होय. पुढची पस्तीस वर्षे गीतकार आणि संगीतकार त्या निकालाखाली राहिले. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला. जावेद अख्तर त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते आणि या दुरुस्तीसाठी त्यांनी हिरिरीने बाजू मांडली. तेव्हापासून गीताच्या वा संगीताच्या कर्त्याला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता अन्य वापरांसाठी त्याने असा वाटा करारात लिहून दिला तरी ते लिहिणे व्यर्थ ठरते. गायकांनाही कलाप्रयोगाच्या व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क मिळाला. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला आणि त्यावरून महंमद रफींशी त्यांचा बेबनाव झाला. ती मागणी कायद्यात उतरायला अर्धे शतक लागले.

आता या विजयाची कक्षा मोजू. सोडता न येणारा वाटा मिळाला तो साहित्यकृती आणि संगीतकृती यांच्या कर्त्यांना. ध्वनिमुद्रण घडवणाऱ्याला ते संरक्षण नाही. संयोजकाला नाही. तबलजी, बासरीवादक हे 'परफॉर्मर'च्या व्याख्येत बसतात, पण तेथेही एक परंतुक बसवले आहे: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही उल्लेख केला जात नाही, तो परफॉर्मर मानला जाणार नाही, आपल्या कामाची मोडतोड झाल्यास आक्षेप घेण्यापुरताच त्याचा अपवाद. हे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे अशी आमची विनंती आहे. नाव न छापण्याची रूढी धंद्याने पाडली, आणि नाव छापले जात नाही ही गोष्ट हक्क नाकारण्याच्या दोन कारणांपैकी एक म्हणून कायद्याने स्वीकारली. नाव ही मानापानाची बाब आहे, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नावावर पैसे अवलंबून असतात.

असे होणे अपरिहार्य नव्हते. अमेरिकेत २०१८ साली संगीतविषयक कायद्याचे आधुनिकीकरण झाले, तेव्हा म्युझिक प्रोड्यूसर, ध्वनिमिश्रण करणारे आणि ध्वनिअभियंते यांचा त्यात नावानिशी समावेश करण्यात आला आणि गायक-वादकांच्या संमतीने डिजिटल प्रसारणाच्या रॉयल्टीतला वाटा त्यांना परस्पर मिळण्याची सोय झाली. ती सोय तुटपुंजी आहे, कारण ती गायकाच्या संमतीवर टेकलेली आहे. परंतु कायद्याने त्या माणसाकडे पाहिले आणि त्याला एक नाव दिले. आपल्याकडे ते झालेले नाही.

४

आता महाजालाकडे वळू. शतकाच्या आरंभी आपल्यापैकी अनेकांना, आम्ही त्यात आलोच, असे वाटले होते की मधला दलाल आता जाईल. कॅसेट कंपनीच्या दारात ताटकळण्याची गरज उरणार नाही, गाणे करणारा आणि ऐकणारा यांच्यात केवळ एक तार असेल. दार खरोखर उघडले. गाणे जगापुढे ठेवायला आज कोणाचीही परवानगी लागत नाही. मात्र त्या गाण्याचे पैसे कोणाला, हे ठरवणारी यंत्रे दाराच्या आत बसवलेली आहेत.

पहिले यंत्र ओळख पटवण्याचे. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी ही व्यवस्था सुरू केली. हक्कदार आपली ध्वनिमुद्रणे जमा करतात, यंत्र प्रत्येक नव्या ध्वनीची त्यांच्याशी तुलना करते आणि साम्य आढळले की तो ध्वनी रोखायचा, त्याचे उत्पन्न आपल्याकडे वळवायचे की नुसती नोंद ठेवायची, हे हक्कदार ठरवतो. या व्यवस्थेत थेट प्रवेश मिळतो तो मोठा संग्रह बाळगणाऱ्यांना. एकट्याने काम करणाऱ्याला कोणा मध्यस्थ वितरकामार्फत जावे लागते. म्हणजे दलाल गेला नाही, त्याने पत्ता बदलला. कोणी हरकत घेतलीच तर ती प्रथम जाते दावा करणाऱ्याकडेच, आणि उत्तर द्यायला त्याला तीस दिवसांची मुदत असते. फिर्यादीनेच पहिला निवाडा द्यायचा, ही न्यायपद्धती आमच्या गावच्या चावडीवरही कोणी खपवून घेतली नसती.

यंत्राला आवाज ओळखता येतो; तो कोणी घडवला ते त्याला कळत नाही. एकाच ध्वनिसंचातला विकत घेतलेला ढोलकीचा तुकडा दोघांनी वापरला तर आधी नोंद करणारा दुसऱ्यावर हक्क सांगू शकतो. एखाद्याने आपला ठेका चार गायकांना वापरायला दिला आणि त्यांच्यापैकी एकाने ते पूर्ण गाणे आपल्या नावे नोंदवले, तर उरलेल्या तिघांवर आणि खुद्द ठेका करणाऱ्यावरही दावा येतो. आमच्या विद्यार्थ्याचे झाले ते याच जातीचे. त्याच्या बाबतीत चोर कोणीच नव्हते. व्यवस्था जशी चालायला हवी तशीच चालली आणि तिने त्याच्याच कामापासून त्याला बेदखल केले. चोरी थांबवली की कलावंताचे भले होते असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचे काय करायचे ते सांगावे.

दुसरे यंत्र वाटपाचे. सदस्यांकडून आणि जाहिरातींतून येणारा पैसा सर्वसाधारणपणे एका हौदात जमा होतो आणि एकूण श्रवणांपैकी ज्याचा जितका हिस्सा, तितका पैसा त्याच्या हक्कदाराला जातो. समजा, एखाद्या बाईंनी महिनाभर केवळ अहिराणी गाणी ऐकली. त्यांची वर्गणी त्या गाण्यांकडे जाईल, असे त्यांना वाटत असेल तर तो गैरसमज आहे. ती हौदात पडते आणि तिचा मोठा भाग त्यांनी कधीही न ऐकलेल्या गाण्यांकडे वाहून जातो. ज्याने जे ऐकले त्याचेच पैसे त्यालाच, अशी पद्धत अशक्य नाही. साउंडक्लाउडने २०२१मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी ती सुरू केली. बड्या सेवांनी मात्र हौदच पसंत केला. त्यातच स्पॉटिफायने २०२४पासून असा नियम केला की मागील बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतले काहीच मिळणार नाही. रक्कम किरकोळ होती, हे त्यांचे स्पष्टीकरण खरे आहे. पण ती किरकोळ रक्कम हौदातच राहते आणि ज्यांना आधीच पुष्कळ मिळते त्यांच्यात वाटली जाते. बोलीत गाणाऱ्या, मोजक्या श्रोत्यांच्या गाण्यांनी मोठ्यांना दिलेली ही वर्गणीच आहे.

तिसरे यंत्र नुकतेच आले आहे. शब्द टंकले की गाणे बनवून देणाऱ्या सुनो आणि युडिओ या सेवांवर जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावे लावले: आमची गाणी न विचारता यंत्राला शिकवली. २०२५च्या अखेरीस त्यांपैकी काही कंपन्यांनी त्याच सेवांशी समझोते करून भागीदारी जाहीर केली. हक्क मोडला म्हणून ओरडणाऱ्याही कंपन्या आणि त्या हक्काची किंमत ठरवणाऱ्याही कंपन्या. यंत्राने शिकले ते ज्यांचे ठेके आणि ज्यांची स्वरमिश्रणे, त्यांतले कितीजण त्या खोलीत बसले होते, हे विचारण्याची आवश्यकता नाही.

५

आता आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप व्यवहारी लोकांचा: कामाचे पैसे ठरले, मिळाले, विषय संपला. सुताराने खुर्ची केली तर खुर्चीवर बसणाऱ्याकडून तो रोज पैसे घेतो काय? हा दृष्टान्त वरवर बिनतोड दिसतो. पण खुर्ची विकणाराही बसणाऱ्याकडून रोज पैसे घेत नाही. गाण्याचा मालक घेतो, प्रत्येक श्रवणाचे घेतो आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे घेण्याची मुभा कायदा त्याला देतो. मालकाला खुर्चीचा न्याय लावा, मग कारागिराला तो लावण्याविषयी बोलू. शिवाय अगदी हाच दृष्टान्त २०१२पूर्वी गीतकारांना ऐकवला जात होता. तेव्हा तो चूक होता हे आज सगळे मान्य करतात.

दुसरा आक्षेप आमच्याच गोतावळ्यातून येतो आणि तो अधिक मोहक आहे. संगीत कोणाच्या मालकीचे असते काय? यमन कोणाचा? अभंगाची चाल कोणाची? मालकीची ही भाषाच परकी आणि बाजारू आहे, कलावंताने तिच्या नादी लागू नये. राग आणि परंपरागत चाली कोणाच्या मालकीच्या असू नयेत, हे आम्हांलाही मान्य आहे. त्यांवर यंत्राकरवी दावे ठोकले जातात तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो. परंतु हा युक्तिवाद बोलणाऱ्याचे आसन पाहावे. तो बहुधा आमच्यासारखा असतो. त्याचे वेतन वेतन आयोग ठरवतो, ते दरमहा खात्यात जमा होते, व्याख्यानाला गेला तर मानधन आणि प्रवासखर्च वेगळा मागतो. कलेच्या निर्लोभतेविषयी बोलायला लागणारी निश्चिंती त्याला दुसरीकडून मिळालेली असते. ज्याचा संगणकाचा हप्ता थकला आहे, त्याला मालकीच्या निरर्थकतेवर प्रवचन देणे ही आमच्या मते तात्त्विक भूमिका नसून वर्गीय आढ्यता आहे. शिवाय मालकी नाहीशी करा असे तो कंपनीला सांगत नाही, कलावंतालाच सांगतो.

तिसरा आक्षेप खुद्द धंद्यातल्या तरुणांचा: कायदा वगैरे मोठ्यांसाठी, आम्हांला काम मिळाले म्हणजे पुरे. हा आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात अज्ञान आणि भीती दोन्ही आहेत. अज्ञान दूर करता येते. एकट्याने गाणे घडवणारा तरुण, त्याने धून स्वतः रचली असेल तर कायद्याने संगीतकार आहे, स्वतः वाजवली असेल तर परफॉर्मर आहे आणि पुढाकार व जबाबदारी त्याचीच असेल तर ध्वनिमुद्रणाचा निर्माताही आहे. तीन खोल्यांचे घर नावावर असून तो ओसरीवर झोपतो आहे. हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याखेरीज वैध नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जातो. तोंडी व्यवहारात त्याने आपला हक्क दिलेलाच नसतो. हे आम्ही आमच्या विद्यार्थ्याला समजावून सांगितले. तू हरकत घे, वाटल्यास मसुदा आम्ही लिहून देतो, असेही म्हटले.

त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाला, "सर, भांडलो तर पुढचं काम जाईल. वर्षातली निम्मी गाणी त्यांच्याकडूनच येतात." आणि त्याने स्वतः प्रसिद्ध केलेला तो वाद्यांचा भाग काढून टाकला.

६

भीती दूर करणे आमच्या हाती नाही. एकट्या माणसाची भीती युक्तिवादाने जात नाही. ती संघटनेने जाते, हे गीतकार-संगीतकारांच्या लढ्याने दाखवून दिले आहे. म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संयोजक आणि म्युझिक प्रोड्यूसर यांची कायद्यात स्वतंत्र व्याख्या व्हावी. सोडता न येणारा वाटा जसा गीतकाराला मिळाला तसा त्यांनाही, लहान का होईना, मिळावा. श्रेयनामावलीत नाव नसणे हे हक्क नाकारण्याचे कारण ठरवणारे परंतुक रद्द व्हावे आणि उलट नाव न देणे हाच कसूर मानला जावा. ध्वनिमुद्रणावर ते तयार करणाऱ्याचे आणि हक्कदाराचे नाव छापण्याची सक्ती कायद्यात आजही आहे. त्या ओळीत आणखी एका नावाची भर घालायला फार मोठी क्रांती लागत नाही.

परंतु संसदेकडे बोट दाखवून आम्हांला सुटका करून घ्यायची नाही. रूढी धंद्याने पाडली, असे आम्ही वर म्हटले; ती टिकवली आम्ही. गाण्यावर लेख लिहिताना, अभ्यासक्रम आखताना, प्रश्नपत्रिका काढताना, शोधनिबंधाला मार्गदर्शन करताना तीनच नावे पुरेशी मानणारे आम्हीच. शब्द हाच गाण्याचा आत्मा असा आमचा व्यावसायिक पूर्वग्रह असल्याने वाद्यांना आम्ही पार्श्वभूमी म्हटले, आणि जे पार्श्वभूमीला असते ते उल्लेखण्याजोगे नसते, हे ओघानेच आले. चौथे नाव आपल्या समीक्षेत असते, तर उद्या एखाद्या न्यायालयात 'अशी उल्लेखाची रूढीच नाही' असे म्हणणे कोणाला इतके सोपे गेले नसते.

आमच्या विभागात भावगीतावरचा एक घटक शिकवला जातो. त्यासाठी चाळीसेक गाण्यांचा तक्ता आम्हीच काही वर्षांपूर्वी तयार केला होता: गीत, कवी, संगीतकार, गायक. या वर्षी त्यात संयोजकाचा रकाना वाढवला. पंधरा दिवस शोधाशोध करून सात नावे मिळाली. उरलेले रकाने आम्ही रिकामे ठेवले आहेत आणि तक्ता तसाच वर्गात लावला आहे. ते कोणी भरायचे, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या, ध्वनिमुद्रणाच्या वह्या, वादक आजोबा किंवा त्यांचे शेजारी असतील त्यांनी, असे आम्ही सांगतो. वाचकांनाही तेच सांगतो.